खुडायची वेळ

(प्रस्तावना)

भाजीच्या बियांचं पाकीट उलटं करून पाहिलं, की मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं : पेरणीचा काळ, वर्षभर. चंद्रपुरात मी स्वतःच्या हातानं पहिल्यांदा पालक पेरला तो या शब्दांवर विसंबून, आणि तोही होळी झाल्यावर. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. उगवण चांगली झाली, रोपांना चार-सहा पानंही आली. मग एप्रिलच्या मध्यावर आठ दिवसांत एकेका रोपातून सरळ दांडा वर निघाला. पानं अरुंद झाली, कडवट लागू लागली, आणि वाफा भाजीचा न राहता बियांचा झाला. शेजारच्या माय कुंपणापाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पालक कार्तिकाचा असते वो बाई. आता चवळाई टाकाची होती."

त्या एका वाक्यात जे होतं ते पाकिटावर नव्हतं. ही पुस्तिका त्या वाक्याचाच विस्तार आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत घरामागच्या तुकड्यात कोणती पालेभाजी केव्हा टाकायची आणि केव्हा काढायची, एवढाच तिचा विषय.

विषय लहान वाटेल. पण मराठीत बागकामाची जी पुस्तकं सहज मिळतात, त्यांतली बरीचशी पुण्या-नाशकाच्या हवेवर बेतलेली असतात. गडचिरोलीत पुण्याच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पलीकडे जातो, तेव्हा इथल्या माणसाला त्याचं नवल वाटत नाही. पुण्यात श्रावणात मेथी होते म्हणून धानोऱ्यात ती पेरली, तर आठ दिवसांच्या झडीत तिची मुळं कुजतात. इथली जमीनही एकसारखी नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा होईपर्यंत हा सगळा मुलूख एकच जिल्हा होता, पण माती कधीच एक नव्हती. वरोरा, राजुरा, कोरपन्याकडे कापसाची काळी जमीन. मूल, सिंदेवाही, नागभीड ओलांडून वैनगंगेकडे गेलं की धानाच्या बांध्या लागतात. झाडीपट्टीतला शेतकरी तर एकाच गावात कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी अशी मातीची पाच नावं घेतो. काळ्या भारी कन्हारात पावसाळी भाजी टाकायची तर वाफा वीतभर उंच हवा, नाहीतर पाणी तुंबतं. मुरमाड बरडीत पाणी तुंबायचा प्रश्न नाही, पण दोन दिवस ऊन पडलं की रोप मान टाकतं. म्हणून या पुस्तिकेत तारखांच्या आधी मातीची ओळख घेतली आहे, आणि कुठे कोणत्या मातीत आठवडाभर मागेपुढे करायचं तेही सांगितलं आहे.

नावांबद्दल आधीच सांगून ठेवते. घरामागच्या कुंपण घातलेल्या तुकड्याला इकडे सांदवाडी म्हणतात, आणि या पानांत तोच शब्द येईल. कोथिंबीर इथे सांबार आहे. अळू म्हणजे धोपा, शेवगा म्हणजे मुनगा, चवळी म्हणजे बरबटी. सिरोंच्याला प्राणहिता-गोदावरीच्या काठी घराघरांत तेलुगू बोलली जाते. तिथे अंबाडीला गोंगूरा आणि आंबट चुक्याला चुक्काकूरा म्हणतात. ही नावं जपून ठेवणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण नावाबरोबर वेळही बोलली जाते. 'पोळ्याची अंबाडी', 'कार्तिकाचा पालक' असं म्हणणाऱ्या बाईला वेगळं कोष्टक लागत नाही.

आता मूळ मुद्दा. पालेभाजीला वेळ का असते? पाणी आणि खत दिलं की पान वाढायलाच हवं, असा आपला समज असतो. पण झाड पानासाठी वाढत नाही. त्याला फुलायचं असतं, बी धरायचं असतं. पान ही त्याची मधली अवस्था, आणि आपण खातो ती नेमकी हीच अवस्था. ती किती लांबेल हे पुष्कळदा दिवसाच्या लांबीवर ठरतं. चंद्रपूरच्या अक्षांशावर डिसेंबरात दिवस अकरा तासांच्या आसपास असतो, जूनमध्ये सव्वातेरा तासांचा. आपला देशी पालक बीटच्या कुळातला. दिवस मोठा होऊ लागला आणि हवा तापली, की तो पानांचा नाद सोडून दांडा काढतो. मेथी आणि सांबारही त्याच वाटेचे. अंबाडीचं नेमकं उलट आहे. दिवस मोठा असेतो ती पानं देत राहते, आणि भाद्रपद-आश्विनात दिवस आखडू लागले की फुलावर येते. मृगात पेरलेली अंबाडी तीन महिने भाजी देते. तीच अंबाडी गणपती उठल्यावर पेरली, तर वीतभर उंचीवरच कळ्या धरते. बी तेच, माती तीच, हातही तोच. चुकलेला असतो तो फक्त महिना.

एवढं कळलं की इथल्या वर्षाचे दोन मोठे पेरे आपोआप डोळ्यांपुढे येतात : पावसाच्या तोंडावरचा आणि दसऱ्यानंतरचा. उन्हाळा ही तिसरी वेळ, पण तिच्याबद्दल पुढे.

पावसाळी पेऱ्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण इथे प्रश्न नुसत्या झाडाचा नाही, बाईच्या वेळेचा आहे. मोसमी पाऊस विदर्भात साधारण जूनच्या मध्याला येतो. मग धानाचे पऱ्हे टाकले जातात, आणि आर्द्रा-पुनर्वसूपासून रोवणा सुरू होतो. रोवण्याच्या दिवसांत बाई पहाटे भात-भाजी करून बांधीत उतरते ती अंधार पडल्यावरच घरी येते. दिवसभर चिखलात कमरेतून वाकलेल्या बाईनं संध्याकाळी वाफे उकरावेत, बी टोकावं, अशी अपेक्षा धरणं अन्याय आहे. म्हणून सांदवाडीचा पेरा रोवण्याच्या आधीच उरकायला हवा. जाणत्या बाया तसंच करतात. मेच्या शेवटी, रोहिणीतच, वाफे उकरून शेणखत मिसळून ठेवतात. मृगाचा एक चांगला पाऊस पडून जमीन बोटभर खोल ओली झाली, की त्याच दिवशी अंबाडी, चवळाई, लाल माठ टाकून मोकळ्या होतात. धोप्याचे कांदे न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर आधीच पुरलेले असतात. मग रोवणा रंगात येईपर्यंत माठ हाताशी येतो, कारण तो २५ ते ३० दिवसांचा आहे. अंबाडीची पहिली खुडणीही त्याच सुमारास होते. दाराशी भाजी असली की अंधारात घरी आलेल्या बाईला काय रांधावं याची चिंता पडत नाही. रोवण्याच्या मजुरीचा आणि सांदवाडीच्या पेऱ्याचा असा संबंध मला कोणत्याही छापील वेळापत्रकात दिसला नाही. म्हणून तो इथे ठळकपणे मांडला आहे.

एक सावधगिरी सांगते. पहिल्या सरीवर भुलून पेरू नका. माठाचं बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये हजारावर दाणे बसतात. वरची माती नुसती भिजली आणि मग चार दिवस ऊन तापलं, तर अंकुर फुटून जागीच करपतो. बी पाचपट रेतीत किंवा राखेत कालवून फेकावं, वरून हात फिरवावा. त्यावर माती लोटायची गरज नसते.

आणि मृगात पेरण्याआधीच जी भाजी उगवते ती तर कुणी लावलेलीच नसते. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत उकिरड्याच्या कडेला, रस्त्यालगत, धुऱ्यावर तरोटा निघतो. त्याची दोन-चार पानांची रोपं खुडून आणायची, उकडून पिळायची आणि लसूण-मिरचीवर परतायची. हीच रोपं श्रावणात गुडघ्याएवढी होतात, तेव्हा त्यांना कुणी हात लावत नाही. खापरखुटी, कुरडू, केना यांचंही असंच आहे. सांदवाडीतल्या लावलेल्या भाजीला काढणीचा नियम मिळाला तो या न लावलेल्या भाज्यांकडून : फुलाच्या आधी, कोवळं असताना.

भाद्रपदातली ऋषिपंचमी या दृष्टीनं पाहण्यासारखी आहे. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हातानं खणून पिकवलेलं खायचं, अशी रीत. म्हणजे वर्षातला निदान एक दिवस परसातल्या भाजीला मानाचं पान मिळतं. माठ, अंबाडी, धोपा त्या दिवसांत भरात असतात. पंचांगानं ती तिथी तिथे ठेवली यात शेतीचं शहाणपण आहे असं मी मानते.

झाडीतले माडिया आणि गोंड लोक तर याही पुढे जातात. नवं पीक, नवं फळ पंडुम झाल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, हा त्यांचा दंडक. पेरणीआधी बियांचाही पंडुम होतो. शहरी माणूस याला निव्वळ धार्मिक विधी समजतो. पण कच्चं ओरबाडलं जाऊ नये, झाडाला वाढायला वेळ मिळावा, सगळ्या गावानं एकदमच सुरुवात करावी, हे सगळं त्या एका बंधनात बसलेलं आहे. काढणीची तारीख ठरवण्याची ही एक पद्धत आहे, आणि ती गावानं मिळून पाळायची असते. डॉ. राणी बंग यांनी 'गोईण' या पुस्तकात गडचिरोलीच्या बायांचं झाडांशी असलेलं नातं त्यांच्याच तोंडून ऐकून लिहिलं आहे. गोईण म्हणजे मैत्रीण. भाजी केव्हा खुडायची हे ज्यांना विचारायला हवं त्या याच बाया, हे ते पुस्तक वाचताना पुन्हा पुन्हा जाणवतं.

दसऱ्यानंतरचा पेरा सोपा आहे, आणि सगळ्यांना येतोही. हस्ताचा पाऊस ओसरला, सकाळी गवतावर दव दिसू लागलं, की सांबार, मेथी, पालक, मुळा, चुका टाकावा. सांबाराचा दाणा म्हणजे दोन बिया एकत्र जुळलेलं फळ. तो पाट्यावर हलकेच रगडून दोन फाका कराव्यात. अख्खा पेरला तर उगवण उशिरा आणि विरळ होते. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी जमिनीबाहेर डोकावते. सांबाराला मात्र दहा-बारा दिवस लागतात, आणि तेवढ्यात धीर सुटून पुष्कळ जण वाफा उकरून टाकतात. धीर धरावा. चूक होते ती सगळं बी एकाच दिवशी टाकण्यात. मग पंधरा दिवस मेथीच मेथी, आणि नंतर वाफा रिकामा. आमचा तोडगा असा : आठवडी बाजार हेच घड्याळ समजा. बाजाराच्या दिवशी सकाळी हातभर रुंदीची एक पट्टी पेरा, पुढच्या बाजारी दुसरी. दसऱ्यापासून पौषापर्यंत अशा पट्ट्या पडत गेल्या, तर फाल्गुनापर्यंत घरात भाजी तुटत नाही, आणि बाजाराच्या पिशवीतली एक जुडी कमी होते.

हिवाळ्यातल्या दोन भाज्या मात्र वाफ्यात नाहीत, बांधीत आहेत. धान उभं असतानाच ओलीवर लाखोरी फेकतात, या पेऱ्याला उतेरा म्हणतात. धान कापून झालं की खोडक्यांमधून लाखोरीचा हिरवा गालिचा वर येतो. दुसरी भाजी चन्याची. मार्गशीर्षातल्या सकाळी चन्याच्या बांधीत बसून भाजी खुडणाऱ्या बाईचे हात एकदा जवळून पाहा. अंगठा आणि पहिलं बोट एवढीच हत्यारं. शेंड्याची दोन-अडीच पानं नखानं तुटतात, मूठ भरली की पदराच्या ओच्यात जाते, आणि हात थांबत नाही. दव आणि चन्याची आंब मिळून बोटांच्या टोकांना चरे पडतात. त्या चऱ्यांवर रात्री तेल लावून पुन्हा सकाळी खुडायचं. ही आंब म्हणजे पानांवरची आम्लं, मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक. रात्री पिकावर स्वच्छ फडकं पसरून सकाळी ते पिळून आंब साठवणाऱ्या बायाही आहेत. खुडल्यानं चन्याचं नुकसान होत नाही. शेंडा गेला की बाजूच्या फांद्या फुटतात, झाड पसरतं. मात्र पहिलं फूल दिसलं की त्या दिवशी हात मागे घ्यायचा. एका बाईनं मला सांगितलं होतं, "फुलाले पाहून पदर झटकाचा." नियम म्हणून याहून नेमकं मला लिहिता आलं नसतं.

लाखोरीबद्दल एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. तिच्या डाळीतल्या विषारी द्रव्यानं पाय लुळे पडतात म्हणून १९६१ साली केंद्र सरकारनं तिच्या विक्रीवर बंदी घातली. त्या बंदीवर पुढे बराच वाद झाला, आणि तो अजून विरलेला नाही. ते द्रव्य पाल्यातही असतं. म्हणून लाखोरीची भाजी हंगामात अधूनमधून, इतर भाज्यांच्या आळीपाळीनं खावी. तीच एक रोज खाऊ नये.

उन्हाळ्यात जोर चालत नाही. चैत्र-वैशाखात या जिल्ह्यांत पालकाचा हट्ट धरणं म्हणजे पाण्याची नासाडी. त्या दिवसांचं शहाणपण दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे वाळवण. चन्याची, लाखोरीची, अंबाडीची भाजी हिवाळ्यात आणि पावसाळ्याच्या शेवटी वाळवून मडक्यात भरून ठेवायची, आणि मेमध्ये डाळीत घालून शिजवायची. दुसरी म्हणजे उन्हाला न घाबरणाऱ्या भाज्या : चवळाई, चिवळ, घोळ आणि मुनग्याचा पाला. वालाच्या किंवा दोडक्याच्या मांडवाखाली, जिथे दुपारी सावली पडते आणि भांड्यांचं साबण नसलेलं पाणी वाहतं, तिथे चवळाईची एक पट्टी उन्हाळाभर जगते. मुनग्याला तर तेवढीही काळजी लागत नाही. प्रत्येक सांदवाडीत मुनग्याचं एक झाड असायलाच हवं. या पुस्तिकेतला हा एकच सल्ला मी हट्टानं दिला आहे.

काढणीच्या तीन क्रिया आहेत, आणि मराठीनं त्यांना तीन शब्द दिले आहेत. माठाची दाट रोपं उपटायची. विरळणी होते, आणि उपटलेली रोपं मुळं छाटून तशीच पातेल्यात जातात. पालक आणि चुका कापायचा, जमिनीपासून दोन बोटं सोडून, म्हणजे पंधरा-वीस दिवसांत पुन्हा फुटतो. चना, अंबाडी, बरबटीची कोवळी पानं खुडायची. उपटायच्या भाजीला खुडत बसलं तर वेळ जातो, आणि खुडायच्या भाजीला उपटलं तर झाड जातं. वेळ सहसा सकाळची, ऊन चढण्याआधीची, तेव्हा पानात पाणी भरलेलं असतं. घोळ मात्र अपवाद. पाणी कमी पडलं की घोळ रात्री पानात आम्ल साठवते आणि दिवसा ते वापरून टाकते. म्हणून सकाळी खुडलेली घोळ जास्त आंबट लागते, संध्याकाळची सौम्य. डाळीत टाकायची तर सकाळी आणा, नुसती परतायची तर दिवस कलल्यावर. धोप्याचं पान पूर्ण उलगडण्याआधी घ्यावं. त्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुया असतात, आणि चिंच किंवा अंबाडी न घातल्यास घसा खाजतो.

या पुस्तिकेमागचं एक कारण दुःखाचं आहे. ताडोब्याच्या भोवती आणि ब्रह्मपुरीच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत मोहा, तेंदूपत्ता, रानभाजी वेचायला गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात जातात. वेचणारी बाई खाली वाकलेली असते, एकाग्र असते, बहुधा पहाटेच्या अंधुक उजेडात असते. रानात जाऊच नका, असं सांगायचा मला अधिकार नाही. रानावर या लोकांचा हक्क आहे, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून तो कायद्यानंही सिद्ध केला आहे. पण आज घरात भाजी नाही, एवढ्याच कारणासाठी एकटीनं पहाटे जंगलात शिरायची पाळी कोणावर येऊ नये. कुरडू, तरोटा, खापरखुटी यांचं बी जमवून सांदवाडीच्या कडेला टाकलं तर ते तिथेही उगवतं. ते कसं जमवायचं हे शेवटच्या प्रकरणात दिलं आहे.

२०२० साली 'उमेद' अभियानानं 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम राज्यभर चालवली, तेव्हापासून बचत गटांच्या बाया वाफ्यांबद्दल नव्यानं बोलू लागल्या आहेत. शाळांच्या आवारातही परसबागा दिसतात. राज्यासाठी मोहीम एक असली, तरी पेऱ्याचा महिना तालुक्यागणिक वेगळा असतो. सिरोंच्यात हिवाळा लवकर सरतो, तर कोरची-भामरागडच्या डोंगरात तो रेंगाळतो. सिंदेवाहीचं कृषी विज्ञान केंद्र आणि गडचिरोलीतलं सोनापूरचं केंद्र इथल्या मातीचा आणि हवेचा सल्ला देतात. शंका आली तर तिथे विचारावं. त्याआधी गल्लीतल्या सगळ्यात वयस्क बाईला विचारावं.

पुढच्या पानावरचं कोष्टक जानेवारीपासून नाही, मृगापासून सुरू होतं. प्रत्येक भाजीपुढे पेऱ्याचं नक्षत्र, इंग्रजी महिना, काढणीचे दिवस आणि थांबायची खूण दिली आहे. शेवटचा रकाना कोरा ठेवला आहे. तुमच्या सांदवाडीत ती भाजी कोणत्या तारखेला उगवली आणि पहिलं फूल कधी दिसलं, ते पेन्सिलीनं तिथे लिहा. दोन वर्षं लिहिलंत की छापलेल्या तारखांपेक्षा तुमच्या रकान्यावर विश्वास ठेवा, आणि ती पुस्तिका शेजारणीला वाचायला द्या.